आरशाचं दुसरं टोक

अठरा वर्षं काचा उचलणारा माणूस शेवटी एका शिंकेने वाकला. सांगायलाही लाज वाटावी अशी गोष्ट, आणि त्याला ती वाटतच होती. सकाळी बेसिनवर वाकून दात घासत होता, तोंडात फेस, आणि शिंक आली. कंबरेत अशी चमक निघाली की हातातला ब्रश सुटला आणि तो बेसिनची कड धरून तसाच राहिला. वर होता येईना, खाली बसता येईना. बायको धावत आली तेव्हा तोंडातल्या फेसासकट तो तिला पहिलं वाक्य बोलला ते हे, "दुकानात कोणाला सांगू नकोस."

दुकान काचेचं होतं आणि तिथे त्याला सगळे खांब म्हणत. नाव मालकाने ठेवलेलं. खांब नवा असताना एकदा भिंतीला टेकवलेली भली मोठी काच सरकायला लागली. बाकीचे पळाले आणि हा एकटा तिला पाठ लावून उभा राहिला, माणसं परत येईपर्यंत. खरं तर अशा वेळी पळायचंच असतं. काच दुसरी मिळते, पाठ मिळत नाही. पण मूर्खपणाचंही कधीकधी कौतुक होतं आणि मग ते निभावण्यात माणसाचा जन्म जातो. तेव्हापासून खांब दुकानात कधी बसला नाही, चहासुद्धा उभ्यानेच प्यायचा.

मोठी काच एकट्याचं काम नाही, म्हणून दुकानात उचलणाऱ्यांच्या जोड्या होत्या. खांबाची जोडी त्याच्या मेहुण्याबरोबर, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाबरोबर. सात वर्षांपूर्वी खांबानेच त्याला दुकानात आणलं आणि काचेखालून पट्टा कसा घ्यायचा, तो खांद्यावरून आणून छातीवर खटका कसा लावायचा, इथपासून सगळं शिकवलं. पट्टा एकच असतो. त्याचं एक टोक एकाच्या अंगावर, दुसरं दुसऱ्याच्या. जिन्यावर बोलायचं ते खालच्या माणसाने, वरच्याने गप्प राहायचं. दोन तोंडं बोलायला लागली की चार पाय गोंधळतात.

फक्त एक शब्द कोणीही, केव्हाही बोलावा. तो म्हणजे "ठेव". तो कानावर पडला की आधी काच ठेवायची. का, असं विचारायचं नाही. तेव्हाही नाही आणि नंतर चहा पितानाही नाही. विचारायला लागलं की पुढच्या वेळी माणूस लाजून तो शब्द गिळतो, आणि मग ते कोणाच्या तरी पायावर बेततं. खांबाने अठरा वर्षांत हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

शिंकेनंतर पोट बिघडल्याचं सांगून तो दोन दिवस घरी राहिला. सल्ले सुरू झाले. आई म्हणाली, तुझ्या वडिलांचीही कंबर चाळिशीनंतर अशीच धरायची, घराण्यातच आहे. सासूबाईंनी फोनवरून थंड फरशीला दोष दिला. शेजारच्या शिक्षकांनी गादी दाबून पाहिली आणि मान हलवून म्हणाले, सगळं मूळ ह्या गादीत आहे. मग नवी कडक गादी आली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. नव्या गादीवर खांबाला जुन्या गादीची आठवण येत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी बायकोने त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण प्रश्न पोलिसासारखे विचारत होत्या. काम काय? काचा उचलायचं. रोज किती वेळ गाडीत बसता? दोन-अडीच तास, सामानाच्या गाडीत, आणि त्या सीटला स्प्रिंग होती असं जुनी माणसं सांगतात. आधी कधी उसण भरली होती? दोन-तीनदा, पण ती आपली आपण गेली. व्यायाम? खांब हसला. काचा उचलणाऱ्याला व्यायाम विचारतात!

"सिगारेट?"

"पाच-सहा."

बायको खोकली.

"बारा," खांब म्हणाला. "पण डॉक्टर, सिगारेट छातीत जाते. कंबरेपर्यंत कशी पोहोचेल?"

"मणक्यांच्या मधे गादी असते," बाई म्हणाल्या. "तिला थेट रक्त मिळत नाही. आजूबाजूच्या बारीक नसांमधून जे झिरपेल त्यावर तिचा गुजारा. धुराने त्या नसा आक्रसल्या की गादी उपाशी. ती सुकते, चिरते. त्यात वय सत्तेचाळीस. त्यात हे पोट. पोट पुढे ओढतं, कंबर त्याला दिवसभर मागे खेचून धरते."

"म्हणजे वजन उचलून नाही झालं?"

"वजन उचलूनही झालं. पण उचलण्यापेक्षा वाईट काय माहीत आहे? वजन हातात असताना कंबरेतून वळणं."

खांबाला आजवर चढलेले सगळे जिने आठवले. प्रत्येक जिन्याला वळण असतं.

"शिंक बिचारी निमित्ताला धनी झाली," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. बहुतेक कंबरा चार-सहा आठवड्यांत आपल्या आपण ताळ्यावर येतात. अंथरुणात पडून राहू नका, चालत राहा. वजन मात्र महिनाभर बंद. आणि एक लक्षात ठेवा. पायातली ताकद गेली, पाऊल उचलेनासं झालं, लघवीचं भान राहिलं नाही, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. तडक यायचं."

ह्यातलं "आपल्या आपण" एवढं खांबाने ऐकलं. बाकीचं सगळं बायकोने ऐकलं.

चौथ्या दिवशी तो कामावर होता. बायकोने डोक्याला हात लावला, पण शिंकेच्या सकाळी तिने शब्द दिला होता आणि ती शब्दाची पक्की. खांबाचं म्हणणं साधं होतं. तो बाजूला झाला तर मालक मेहुण्याची जोडी "घाई"बरोबर लावणार. घाई हा दुकानातला आणखी एक काचा उचलणारा. नाव त्याने स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवलेलं, गेल्या वर्षात दोन काचा आणि एका सहकाऱ्याचं मनगट त्याच्या खात्यावर होतं. "तुझा भाऊ त्याच्याबरोबर जाण्यापेक्षा माझ्याबरोबर असलेला बरा," खांब म्हणायचा. हे खरं होतं. पण हे कारण नव्हतं. खरं कारण असं की खांब नसलेल्या खांबाला दुकानात काय म्हणतील, ह्याची त्याला भीती वाटत होती.

आणि नशीब पाहा, कंबर खरंच सुधारली. शर्टाच्या आत कंबरेचा पट्टा आवळून तो काचा उचलत राहिला. महिनाभरात दुखणं कंबरेतून ढुंगणात उतरलं, तिथून मांडीच्या मागून पोटरीत, आणि एके दिवशी सकाळी जाग आली तर गायबच. तो खुशीत शीळ घालत उठला. डाव्या अंगठ्याला तेवढ्या मुंग्या येत होत्या. पायावर पाय टाकून झोपलो असेन, त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. आठव्या दिवशी सांगायचं बंद केलं आणि अंगठ्याकडे बघायचंही बंद केलं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तो हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आला. बायको कणीक मळत होती. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"एक चप्पल कुठे तुमची?"

त्याने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा. डावी चप्पल मागे मोरीच्या उंबऱ्याशी पालथी पडली होती आणि तिथून इथवर तो सात-आठ पावलं चालत आला होता. पायातून चप्पल गेली हे पायाला कळलंच नव्हतं.

"टाचांवर उभे राहा," बायको म्हणाली.

"काय लावलं आहेस?"

"उभे राहा म्हणते ना."

तो ओट्याला धरून टाचांवर उभा राहिला. उजवा चवडा वर आला. डावा जमिनीला चिकटून राहिला. त्याने दात आवळले, मनातल्या मनात अंगठ्याला शिव्या दिल्या, तरी अंगठा हलेना. बायकोचे कणकेचे हात तसेच हवेत राहिले.

"चला. आत्ता."

"आत्ता दवाखाना बंद झाला असेल."

"मोठ्या इस्पितळात चला."

"उद्या दुपारी. नक्की. उद्या सकाळी एक आरसा पोहोचवायचा आहे, नाचाच्या शाळेत. तिसरा मजला. तो झाला की सरळ दवाखान्यात. अर्ध्या दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे?"

"त्या आरशाच्या दुसऱ्या टोकाला माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

तिने हात पुसले आणि फोन उचलला.

"तू शब्द दिला होतास."

"तेव्हा कंबर होती. आता पाय आहे."

"एकच आरसा. एवढा एकच. नंतर मी स्वतः त्याला सांगतो, मालकाला सांगतो. तू माझी अब्रू अशी फोनवरून काढू नकोस." आणि मग त्याने ते वाक्य वापरलं जे दर वेळी लागू पडायचं. "माझ्याबरोबर आहे तोवर त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. सात वर्षांत लागलाय का?"

सात वर्षांत लागला नव्हता. तिने फोन ओट्यावर ठेवला. तिला एकीकडे नवरा आणि दुसरीकडे भाऊ, इकडे आड तिकडे विहीर. शेवटी ती म्हणाली, "बारा वाजता. मी दवाखान्याच्या दाराशी उभी असेन." सकाळी तिने डबा भरून दिला.

गाडी मेहुणा चालवत होता. मागे लाकडी घोडीला आरसा बांधलेला, सात फूट बाय सहा, साठेक किलोचा. मेहुण्याची मुलगी नऊ महिन्यांची होती आणि कालपासून रांगायला लागली होती, त्यामुळे त्याला दुसरा विषय नव्हता. ती पुढे जायला बघते आणि मागे जाते, असं तो सांगत होता. खांब हसायच्या जागी हसत होता आणि बुटाच्या आत अंगठा उचलून बघत होता. गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटत होती, आणि प्रत्येक आपटीला त्याला डॉक्टरीणबाई आठवत होत्या.

मनात त्याने एक बेत केला होता. जिना चढताना नेहमी मेहुणा खाली आणि तो वर असायचा. खालच्यावर भार जास्त, म्हणून तरुण माणूस खाली. पण डाव्या पायाने दगा दिला तर? वरचा माणूस घसरला की काच खालच्याच्या अंगावर जाते. म्हणजे मेहुण्याच्या. मग आपणच खाली का होऊ नये? पडलीच तर आपल्यावर पडेल. आपल्या पायाची शिक्षा आपल्याला. हा विचार त्याला इतका न्यायाचा वाटला की कालपासून पहिल्यांदा त्याला जरा मोकळं वाटलं.

"आज मी खाली," तो म्हणाला.

"का हो भावजी?"

"तुझा गुडघा दुखतो म्हणाला होतास ना परवा."

"मी? कधी?"

"म्हणालास. विसरलास तू."

मेहुण्याने खांदे उडवले. भावजी म्हणतात म्हणजे म्हणालो असेन. सात वर्षांत त्याला भावजींवर अविश्वास दाखवायची वेळ आली नव्हती.

नाचाच्या शाळेची इमारत जुनी, जिना अरुंद. दर मजल्याला दहा पायऱ्या, मग वळण, मग आणखी दहा. नाच शिकवणाऱ्या बाई वरून कठड्यावर वाकून बघत होत्या. "सांभाळून हं," त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीसुद्धा ह्या वळणावर धडपडतात." खांबाने त्यांना मनातल्या मनात हात जोडले आणि गप्प राहायची विनंती केली.

दोघांनी पट्टा अंगावर घेतला. खटके लागले. "उचल," खांब म्हणाला आणि आरसा जमिनीवरून सुटला. भार थेट कंबरेत उतरला. बरं झालं, कंबर काही बोलली नाही. मेहुणा उलटा चढत होता, मान वळवून मागच्या पायऱ्या आणि डोक्यावरचं छत सांभाळत, त्यामुळे खांबाचे पाय त्याला दिसत नव्हते. खांबाने डाव्या पायाची युक्ती शोधून काढली होती. गुडघा नेहमीपेक्षा वर घ्यायचा, म्हणजे लोंबता चवडा पायरीच्या कडेवरून सुटतो. फक्त खाली येताना तो फटकन आपटायचा. उजवा पाय, मुका. डावा पाय, फट्. उजवा, मुका. डावा, फट्.

"पायरी. पायरी. पायरी. वळण आलं, थांब. तुझं टोक बाहेर काढ. वळ."

पहिला मजला झाला. टेकले.

"बूट सैल झालाय का तुमचा?" मेहुण्याने विचारलं.

"हो. तळ सुटलाय."

"बांधून घ्या ना मग."

खांब वाकला नाही. वाकलो तर उठता येईल की नाही ह्याची त्याला खात्री नव्हती. "वर जाऊन बघतो," तो म्हणाला. घाम मानेवरून पट्ट्यात उतरत होता. खोटं एकदा बोललं की त्याला पिल्लं होतात, आणि आजच्या सकाळचं हे तिसरं होतं.

दुसरा मजला झाला. आता वीस पायऱ्या उरल्या. खांबाचा जीव टांगणीला लागला होता. गुडघा वर घेऊन घेऊन मांडी थरथरायला लागली होती, आणि खाली, बुटाच्या आत, आता काहीच नव्हतं. मुंग्याही नव्हत्या. पाऊल टेकलं की नाही हे त्याला कानाने कळत होतं. सात, तो मोजत होता. आठ. नऊ.

दहाव्या पायरीवर गुडघा बोटभर कमी उचलला गेला.

चवडा पायरीच्या कडेला अडकला आणि खांब पुढे गेला. वजन हातात, अंग वळणाच्या दिशेने पिळलेलं, आणि कंबरेत ती जुनी चमक ओळख दिल्यासारखी निघाली. पट्टा हिसकला. वर मेहुण्याचा तोल गेला आणि त्याचा गुडघा दाणकन पायरीवर आदळला. आरसा भिंतीकडून कठड्याकडे कलला, त्यात छत, मेहुण्याचा उघडा पडलेला गळा आणि जिन्याची खिडकी एकदम तिरकी झाली. एक क्षण दोघांपैकी कोणीच काही धरलेलं नव्हतं. मग खांबाचा खांदा आरशाखाली गेला आणि तो कसाबसा सावरला.

"ठेव!" तो ओरडला.

मेहुण्याने तत्क्षणी गुडघे वाकवले. खिशातला गालिच्याचा तुकडा आरशाखाली टाकला, आरसा वळणावरच्या भिंतीला टेकला, पट्टा ढिला पडला. तो खाली आला, कपाळ पुसलं, गुडघा चोळला आणि खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला. नियम होता. तो काही विचारणार नव्हता.

खांबाला ते कळत होतं. श्वास घ्यायचा, पाच मिनिटं थांबायचं, आणि "चल" म्हणायचं. उरल्या दहा पायऱ्या. वर आरसा लागेल, बाई पाणी देतील, बारा वाजता दवाखाना. कोणाला काही कळणार नाही. अख्ख्या जगात एवढा सोयीचा नियम दुसरा नसेल.

"चलायचं?" मेहुणा म्हणाला.

खांबाने पट्टा उचलायला हात खाली नेला. त्याच्या छातीवरच्या खटक्यापासून तो पट्टा आरशाखालून गेला होता आणि पलीकडून वर येऊन मेहुण्याच्या छातीवरच्या खटक्यात अडकला होता. तो त्या पट्ट्याकडे बघत राहिला. पडलीच तर आपल्यावर पडेल, असं तो सकाळपासून धरून चालला होता. आपण कोसळलो असतो तर मेहुणा वर कुठे राहिला असता? साठ किलोचा आरसा आणि नव्वद किलोचा भावजी त्याला मागोमाग खेचत खाली घेऊन आले असते, आणि आधी काच फुटली असती, मग तो तिच्यावर आला असता. मेहुण्याचा तो उघडा गळा खांबाच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याने पट्टा हातातून सोडून दिला.

"माझा पाय गेलाय," तो म्हणाला.

"काय?"

"डावा. चवडा उचलत नाही. अंगठा दहा दिवस बधिर आहे. कंबर त्याच्याही आधीपासून."

मेहुणा हळूच वळला. "दहा दिवस?"

"हो."

"दहा दिवसांत आपण त्या दवाखान्याचे दरवाजे बसवले. चौथ्या मजल्यावर. त्या दुकानाची दर्शनी काच बसवली." त्याचा आवाज चढत गेला. "परवा तुम्ही वर होतात आणि मी खाली होतो, भावजी!"

"म्हणून तर आज मी खाली झालो. पडली तर माझ्यावर..."

मेहुण्याने स्वतःच्या छातीवरचा पट्टा मुठीत धरून त्याच्यासमोर हलवला. "आणि हे काय आहे? हे काय शोभेला बांधलंय? पहिल्या दिवशी तुम्हीच मला सांगितलं होतंत, एक गेला की दोघं गेले!"

वरून बाईंचा आवाज आला, सगळं ठीक आहे ना?

"ताईला माहीत आहे?" मेहुण्याने विचारलं.

खांबाने मान खाली घातली.

"ताईला माहीत आहे," मेहुणा स्वतःशीच म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला की खांबाला वाटलं, ह्याने आपल्याला एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

"तिच्यावर रागावू नकोस. मी शब्द घेतला होता तिचा. तिचा काही दोष नाही."

"बसा."

"मी उभा..."

"बसा म्हणतोय ना!"

खांब पायरीवर बसला. मेहुणा त्याच्यासमोर उकिडवा बसला, त्याचा बूट काढला, मोजा काढला आणि टाच हातात धरली. "उचला," तो म्हणाला. खांबाने उचलला. म्हणजे उचलायचं ठरवलं. चवडा मेहुण्याच्या तळहातावर तसाच पडून राहिला. मेहुण्याने बोटांनी अंगठा दाबला, मग नखाने टोचला. खांबाला काहीच कळलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून मेहुण्याला कळलं आणि त्याचा राग एकाएकी उतरला. त्याच्या जागी जे आलं ते बघायला रागापेक्षा वाईट होतं.

"लघवी वगैरे...?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"ते ठीक आहे. सकाळी ठीक होतं."

मेहुण्याने दुकानात फोन लावला, दुसरी जोडी मागवली आणि एक चारचाकी मागवली. मालकाला तो एवढंच म्हणाला की भावजींना इस्पितळात नेतोय, बाकी नंतर. मग फोन खिशात टाकून त्याने खांबाकडे बोट दाखवलं.

"ताईला सांगा. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

सव्वाअकरा वाजले होते. खांबाने फोन काढला. कामाच्या वेळात त्याने घरी कधीच फोन केला नव्हता, हात मोकळे नसायचे आणि सांगायलाही काही नसायचं. ती बारा वाजता दवाखान्याच्या दाराशी यायची होती, म्हणजे आता निघण्याच्या तयारीत असेल. काय सांगायचं ते त्याने मनात जुळवलं. आधी म्हणायचं घाबरू नकोस, मग आरसा शाबूत आहे, मग हळूहळू पायाचं.

एक घंटा पुरती वाजली नाही तोच तिने उचलला. हॅलो नाही, काही नाही. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"मी बोलतोय," खांब म्हणाला.

"तो कुठे आहे?" तिने विचारलं.

खांबाला क्षणभर उमगलंच नाही. मग उमगलं. शिंक आली त्या सकाळपासून ती घरातही फोन हाताशी ठेवून वावरत होती. भाजी आणायला गेली तरी तो घेऊन जायची, आणि त्याने त्यावरून तिची थट्टाही केली होती. ह्या सहा आठवड्यांत ती ह्याच एका फोनची वाट बघत होती, आणि तो आला आणि बोलायला नवरा होता, म्हणजे अपघात झालेला माणूस कोणता ते तिला न सांगता कळलं होतं.

"तो इथेच आहे," खांब घाईघाईने म्हणाला. "अगं, माझ्या शेजारीच आहे. काही झालं नाही त्याला. आम्ही आरसा ठेवला, मी त्याला सगळं सांगितलं. आम्ही जिन्यावर बसलोय. ऐकते आहेस ना? त्याच्या केसालाही धक्का..."

"त्याला फोन द्या," ती म्हणाली.

"अगं, मी सांगतोय ना, तो अगदी..."

"त्याला द्या."

त्याने फोन मेहुण्याच्या हातात दिला. "ताई, मी बोलतोय," मेहुणा म्हणाला, आणि मग पलीकडून ती रडायला लागली ते खांबाला पायरीवर बसूनही स्पष्ट ऐकू आलं. नवऱ्याचा शब्द तिला आता पुरत नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. तो उघड्या पायाकडे बघत, ती थांबेपर्यंत बसून राहिला.